आत्याबाईंच्या गोळ्या आणि आम्ही तिघं

हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सासूला रक्तदाब निघाला. सासूला मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. आमचं गाव सोनपेठपासून दोन कोसांवर. घरात ते दोघं, माझे यजमान आणि लग्नाला वर्षही न झालेली मी, असे चौघंच.

आत्याबाई अंगणात बोलल्या की शेजारच्या गोठ्यातली बैलं कान टवकारायची. त्यांची मान मागून ठणकायला लागली, चक्कर यायला लागली, तेव्हा यजमानांनी त्यांना सोनपेठच्या दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर हैदराबादकडचे, त्यांची मराठी अर्धी दखनी. त्यांनी दंडाला पट्टा बांधून हवा भरली, काचेतला पारा पाहिला आणि मान हलवली.

"रोज दोन गोळ्या," ते म्हणाले. "एक सकाळी, एक संध्याकाळी. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत, आणि बरं वाटावं म्हणून जादा घ्यायच्या नाहीत. नमक कमी. लोणचं बंद."

घरात वाचता येणारी बाई मी एकटी, म्हणून शीशी माझ्या ताब्यात आली. ती मी चुलीजवळच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली.

दहा-बारा दिवसांत मान ठणकायची थांबली आणि एक भलतीच गोष्ट घडली. आत्याबाई शांत झाल्या. वासरू सुटून सगळं दूध प्यालं, तर त्या म्हणाल्या, "पिऊ द्या, त्येच्या मायचंच हाय." मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. या गोळ्या रागाच्या आहेत, अशी घरात सगळ्यांची मनोमन खात्री पटली.

त्याच आठवड्यात मामांच्या हातून लोणच्याची बरणी फुटली. आत्याबाईंना लोणचं बंद झालं होतं, मामांना नव्हतं. खापरं त्यांनी कडब्याच्या गंजीमागे पुरली आणि माझ्याशी हळूच बोलले.

"सूनबाई, एखादी गोळी जास्तीची दिली तर काय होईल?"

"डॉक्टर न्हाई म्हणलेत," मी पदर सावरत म्हणाले. मला माझा फार अभिमान वाटला.

हा अभिमान दुपारपर्यंत टिकला. पंचमी जवळ आली होती आणि मला माहेरी जायचं होतं. ते विचारायचं धाडस काही होईना. आत्याबाईंना अजून थोडं मऊ केलं तर विचारता येईल, असं मनात आलं. त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर मी त्यांच्या हातावर एक गोळी ठेवू लागले. दवाखान्याचं आहे म्हटल्यावर त्या काही न विचारता घ्यायच्या.

शीशी भराभर रिकामी होत होती. मी देत होते त्यापेक्षाही भराभर. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण बोलायची सोय नव्हती. चोराने चोरीची बोंब कशी मारायची?

पाचव्या दिवशी दुपारी आत्याबाई भाकरी थापत होत्या. तवा उतरवून उठायला गेल्या आणि तशाच पिठाच्या परातीत बसल्या. ओठ पांढरे पडले होते. "डोळ्यापुढं अंधार आलाय," एवढंच म्हणाल्या आणि डोळे मिटले. यजमानांनी बैल जुंपले, गाडीत कडबा टाकून आम्ही त्यांना निजवलं आणि सोनपेठ गाठलं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, पारा पाहिला, परत बांधला. मग माझ्याकडे वळले. "रोज किती गोळ्या?"

"दोन."

त्यांनी शीशी उजेडात धरली. "सच बोलो."

"मी दुपारी एक जास्तीची देत होते," म्हणताना मला रडू फुटलं.

मामा खाकरले. "एक मी चहासंगं देत होतो."

कोपऱ्यातून यजमान म्हणाले, "एक मी बी. आमची बैलजोडी मी दोस्ताला रब्बीच्या पेरणीला द्यायचं कबूल केलं होतं. मायला सांगायचं राह्यलं होतं, ती भडकू नये म्हणून."

डॉक्टरांनी शीशी टेबलावर ठेवली. "ही गुस्स्याची दवा नाही," ते म्हणाले. "दबाव इतका खाली आलाय की उभं राहिलं की डोक्यात रक्त पोचत नाही. आज-उद्या गोळी बंद. परवा आणा, पारा बघून किती द्यायची ते मी सांगतो. उठवायचं ते हळू, आधी बसवून. आणि शीशी एकाच्याच हातात."

आत्याबाई बाकड्यावर डोळे मिटून पडल्या होत्या. आम्हाला वाटलं, झोपल्यात. त्या तशाच म्हणाल्या, "मला वाटायलं होतं, घरातली समदी मला जपायलेत."

त्या वाक्याने जी मान खाली गेली, ती मी घरी पोहोचेपर्यंत वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी पारा ठीक निघाला आणि डॉक्टरांनी रोजची एकच गोळी ठेवली. शीशी आत्याबाईंनी स्वतःकडे घेतली. वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. महिन्याचे चिंचोके एका वाटीत ठेवले. गोळी घेतली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. आवाज हळूहळू परतला. बरणीचं कळलं त्या दिवशी बैलांनी पुन्हा कान टवकारले. मला मात्र त्यांनी आपण होऊन माहेरी धाडलं. "जा बाई. तू हितं नसलीस की मला धोका कमी हाय."

पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना मामांनाही पट्टा बांधायला लावलं. मामांचा पारा त्यांच्याहून वर चढला. डॉक्टरांनी मामांना वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. आत्याबाईंनी त्या शीशीला लाल दोरा बांधला आणि बजावलं, "माझ्यातली तुमाला न्हाई, तुमच्यातली मला न्हाई."

तेव्हापासून रोज सकाळी ओसरीवर मामा गोळी गिळायचे, आणि आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या.

"तोंड उघडा. जीभ वर करा."

मामा जीभ वर करायचे.