अडतीस टक्क्यांवर मरणारा फोन

इदाल्मिस,

तुझ्यावर लिहितेय म्हटल्यावर तू पहिलं विचारणार, "किती पानं?" आणि मी सांगितलेला आकडा मोजूनही बघणार. म्हणून सांगत नाही. वाचणाऱ्यांना तू माहीत नाहीस, तेव्हा इथून पुढे तुला 'ती' म्हणते. चुकलं असेल तिथे खुणा कर, पण पेन्सिलीने. आणि आर्सेनियोचं नाव दिसलं की तोंड वाकडं करू नकोस. त्याच्याशिवाय ही गोष्ट होत नाही, त्याला मी काय करू?

तर. इदाल्मिस बेरदेसिया बावीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. रसाची बाटली समोर आली की त्यात साखर किती ते सांगायचं, एवढंच तिचं काम. साडेबारा आले तर ती साडेबारा लिहायची. "तेरा लिहायला काय जातं?" म्हणत वरून माणसं यायची, हसून बोलायची, मग डोळे वटारायची. ती म्हणायची, "तेरा हवेत ना? मग तेराचा ऊस आणा." त्या वरून येणाऱ्यांत तिचा नवराही होता. आर्सेनियो उत्पादनाचे तक्ते करायचा आणि आकडे फुगवायचा, घरीही तेच. "पाच मिनिटांत आलो" म्हणून गेलेला माणूस अंधार पडल्यावर यायचा. एक दिवस तिने त्याची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नंतर कारखानाही बंद पडला. प्रयोगशाळेतली निम्मी माणसं देश सोडून गेली. ही आमच्या शहरात, मान्सानियोतच राहिली, आईजवळ. हात स्थिर, नजर बारीक, मीटर वाचायची सवय. ती फोन दुरुस्त करू लागली.

रस्त्याकडच्या खिडकीत तिचं टेबल. येणारा आधी "शेवटचं कोण?" विचारणार, कुणीतरी हात वर करणार, मग नवा माणूस समोरच्या बदामाच्या सावलीत जाऊन बसणार. आपल्याकडे फोन नवा कुणी घेत नाही. परदेशातल्या भाच्याने वापरून झालेला पाठवायचा आणि इथे तो आणखी आठ वर्षं ओढायचा. त्यामुळे तिच्याकडे येणारं प्रत्येक यंत्र म्हातारंच. तशीच माणसंही.

त्या बुधवारी कांदिदो फोन्सेका आले. त्र्याहत्तर वर्षांचे. हाताने फिरवायच्या ऑर्गनवर त्यांनी पन्नास वर्षं काढली. शनिवारच्या नाचांना ते दांडा फिरवायचे आणि उजवा दंड अजून डाव्याच्या दीडपट आहे. रांग संपेपर्यंत थांबले. मग खिडकीत वाकून हळूच म्हणाले, "पोरी, हा फोन मला खोटं पाडतोय."

"म्हणजे काय करतो?"

"अडतीस दाखवतो आणि मरतो."

"नेहमी अडतीसलाच?"

"कधी चाळीस. पण मरतो तो रविवारीच."

रविवारी पाच वाजता त्यांच्या मुलाचा फोन येतो, योएल्बिसचा, परदेशातून, मोंतेविदेओहून. सहा वर्षं दोघं बोलत नव्हते. मुलगा निघाला तेव्हा बाप त्याला निरोप द्यायला बसस्टँडवर आला नाही, हे त्याच्या मनात बसलं होतं. आता त्याला मुलगी झाली आणि त्याने स्वतःहून फोन केला. पहिल्या रविवारी नऊ मिनिटं बोलणं झालं. मुलगा जुना विषय काढणार, तेवढ्यात फोन बंद. दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्या रविवारी बंद व्हायच्या आधी तो म्हणाला होता, "बाबा, आज तरी मध्येच कापू नका."

"आणि कापलात," इदाल्मिस म्हणाली.

"मी नाही कापला! याने कापला! पण त्याला कोण सांगणार? समोर अडतीस दिसत होते, मी म्हटलं भरपूर आहे, आणि काळोख. वीज आली तेव्हा मध्यरात्र उलटली होती. मग काय लिहू? बॅटरी गेली लिहू? प्रत्येक वेळी? त्याने लिहिलंय, येता रविवार शेवटचा. पुन्हा कापलंत तर मी समजून जाईन."

इदाल्मिसने फोन उघडला, मीटर लावलं, बराच वेळ बघत राहिली.

"काका, सरळ सांगते. ही बॅटरी म्हातारी झालीय, ती काही तरुण होणार नाही. नवी या फोनला मिळत नाही. पण तिच्यात आहे किती, हे फोनला कळेनासं झालंय. तुम्ही अर्धं भरता, वीज जाते, पुन्हा थोडं भरता, पुन्हा जाते. त्याला कुणी तळ दाखवला नाही आणि काठही दाखवला नाही. तो अंदाजाने बोलतो."

"मग?"

"एकदा पूर्ण रिकामा करायचा. मग एकदा, न तुटता, काठोकाठ भरायचा. की मग खरं बोलेल. जास्त वेळ चालेल असं म्हणत नाहीये मी हं. फक्त खरं बोलेल."

कांदिदोंनी मान हलवली, पण फोन हातातून सोडवेना. "रविवारच्या आत?"

"आज बुधवारच आहे ना? ठेवा इथे."

गुरुवारी सकाळी तिने फोनची विजेरी लावली, पडदा पूर्ण उजळवला आणि साठवलेल्या नाचाच्या चित्रफिती एकामागून एक चालू केल्या. अडतीसवर तो मेला. तिने पुन्हा चालू केला. आणखी सहा मिनिटं. पुन्हा. दुपारी दोनला तो शेवटचे आचके देत होता. ती नळावर भांडी घासायला मागे गेली आणि तेवढ्यात वीज आली.

आता वीज आली म्हणजे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. अख्खी गल्ली एका आवाजात ओरडते, "आली! आली!" आणि घराघरातून धावाधाव. भात लावा, पंप चालू करा, पंखा, फ्रीज, आणि घरातला प्रत्येक फोन भिंतीला. विचार करत नाही कुणी, हातच धावतात. सोराइदा, इदाल्मिसची आई, एक्याऐंशी वर्षांची, गुडघे दुखतात म्हणून चर्चला जात नाही, पण "आली!" कानावर पडल्याबरोबर ती उठली, भाताचं भांडं लावलं, आपला फोन लावला, लेकीचा लावला आणि टेबलावर केविलवाणा लुकलुकणारा कांदिदोंचा फोनही लावून टाकला.

"मम्मी! हा कुणी लावला?"

"मी. मरत होता बिचारा."

"मरायलाच ठेवला होता!"

"भिंतीत वीज असताना? अगं, वेड लागलंय का तुला? शेजारणी बघतील तर काय म्हणतील? वीज असून फोन उपाशी ठेवला म्हणतील!"

"रिकामा व्हायला हवा होता तो. तळापर्यंत."

"तळ रोज दाखवतंच की हे शहर. त्यासाठी तुझं शास्त्र कशाला?"

इदाल्मिसने वायर काढली. मीटरप्रमाणे अकरा टक्के भरले होते आणि फोन म्हणत होता सत्तेचाळीस. सगळं पहिल्यापासून. आईशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आईने भाताची खरवड तिच्या ताटात वाढली तेव्हा बोलली.

शुक्रवारी तिने फोन खिशात घालून ठेवला, कुणाच्या हाती लागू नये म्हणून. दुपारी तो एकदाचा गेला. चालू केला, होईना. पुन्हा, होईना. रात्रभर तसाच ठेवला. तळ झाला. आता काठ.

आणि काठाचंच कठीण. फोन बंद ठेवून भरायला निदान चार तास सलग वीज हवी. आमच्या गल्लीला त्या आठवड्यात एका वेळी अडीच तासांपेक्षा जास्त मिळाली नव्हती, आणि वेळापत्रकावर विश्वास ठेवणारं माणूस मान्सानियोत तरी नाही. वीज न जाणारी घरं एकाच ठिकाणी: इस्पितळाच्या मागे. इस्पितळाच्या तारेवर असलेल्या त्या दोन गल्ल्यांत कधी अंधार होत नाही. तिथे इदाल्मिसच्या ओळखीचं एकच घर होतं.

शनिवारी सकाळी दहाला तिने आर्सेनियोचं दार वाजवलं. सात वर्षांनी.

त्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे. "तूही का?"

आत गेल्यावर तिला कळलं. त्याच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर, खुर्च्यांवर, खिडकीत, जिथे तिथे लोकांचे फोन. दोन एक्स्टेन्शन बोर्ड, तीन सॉकेट, सगळे भरलेले. चार गल्ल्या पलीकडची माणसं येऊन लावून जायची.

"चार तास," ती म्हणाली. "मध्ये कुणी काढायचा नाही."

"ठेव नि जा. मी आहे की."

"किती वेळ आहेस?"

"हा काय, इथेच."

"आर्सेनियो."

"बरं, पाच मिनिटं ब्रेड आणायला जाईन."

तिने खुर्ची ओढली आणि बोर्डाजवळ बसली. आणि बसली ते बरंच झालं. अर्ध्या तासाने एक बाई आली, जागा नाही बघून कांदिदोंच्या वायरीला हात घातला. इदाल्मिसने नुसतं पाहिलं. बाईने हात मागे घेतला, "अय्या, तुमचा का?" म्हणाली आणि दुसऱ्याचा काढला.

आर्सेनियो ब्रेडला गेला नाही. कॉफी केली, तिच्या हातात कप दिला, समोर बसला. अकरा वाजले. बारा.

"कुणाचा आहे एवढा?"

"कांदिदो ऑर्गनवाल्यांचा. त्यांच्या मुलाला वाटतं, हे मध्येच कापतात."

"आणि तू याला काय करतेस?"

"खरं बोलायला शिकवते."

तो हसला. हसणं थांबल्यावर म्हणाला, "किती वेळात शिकतो?"

"दोन दिवस. कुणाची आई मध्ये आली नाही तर."

"कुणाची कशाला? तुझीच आली असेल," तो म्हणाला, आणि ते बरोबरच असल्यामुळे तिला हसू आवरलं नाही. दोनला शंभर दिसले तरी तिने आणखी एक तास वायर काढली नाही. त्याने त्याबद्दल काही विचारलं नाही. भात आणि तळलेला मासा आणून ठेवला. ती जेवली.

रविवारी पावणेपाचला कांदिदोंनी तिला घरी बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस ओले करून बसवले होते. फोन टेबलावर, साखरेच्या बरणीला टेकवून. "तू बस इथे. मला आकड्याची भीती वाटते."

पाच वाजता योएल्बिस दिसला, कोट घातलेला, मांडीवर लेक. कांदिदो नातीकडे बघेनात. पडद्याच्या कोपऱ्यातच बघत राहिले.

"काका, आकडा मी बघते. तुम्ही पोराकडे बघा."

"कोण आहे तिथे?" योएल्बिसने विचारलं.

"इदाल्मिस. तुझ्या वर्गातल्या यामिलाची बहीण. तू बोल, मी मोजतेय."

ते बोलले. थंडीबद्दल, मुलीच्या दातांबद्दल, तिकडच्या मांसाबद्दल. पन्नास. कांदिदोंनी मुलीला ऑर्गनचा दांडा हवेत फिरवून दाखवला. चाळीस. "अडतीस," इदाल्मिस म्हणाली, आणि कांदिदोंचा हात हवेतच थांबला. फोन चालूच राहिला. सदतीस. पण जात होते ते भराभर जात होते, बॅटरी म्हातारीच. वीस. बारा.

"सहा," ती हळूच म्हणाली.

कांदिदो पुढे झुकले. "योएल्बिस, ऐक. आता हा मरणार. सहा टक्के आहेत. मी कापत नाहीये. ऐकतोयस? मी कापत नाहीये."

योएल्बिसने लेकीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "म्हणजे मागच्या वेळीही…"

"अडतीस दाखवत होता, लबाड. या पोरीने सुधारला."

"चार," इदाल्मिस म्हणाली.

"बाबा, मग बसस्टँडवर का आला नाहीत?"

कांदिदोंनी तिच्याकडे पाहिलं. तिने आकड्यावरची नजर हलवली नाही.

"आलो होतो," ते म्हणाले. "तिकीटखिडकीच्या मागे उभा होतो. ऑर्गनवाले सगळे तुला सोडायला आले होते. त्यांच्यासमोर मला रडू… बस वळेपर्यंत उभा होतो. तुझा शर्ट हिरवा होता."

"हिरवा होता," योएल्बिस म्हणाला.

"दोन."

"पुढच्या रविवारी," तो घाईने म्हणाला, "पाचला, बाबा, आणि भरून…" आणि फोन गेला. एकावर गेला, सांगून गेला. कांदिदो काळ्या पडद्यासमोर बसून राहिले आणि मग रुमालाने तो पडदाच पुसू लागले. इदाल्मिस उठून त्यांच्या चुलीवर कॉफी ठेवायला गेली.

तर हे झालं, इदाल्मिस, आणि यातलं काही मी वाढवून लिहिलेलं नाही.

सोमवारी तू माझ्याकडे आलीस, पिशवीतून एक पांढरी वायर काढलीस आणि म्हणालीस, शनिवारी घाईत आर्सेनियोचीच वायर उचलून आणली गं, तुझी डोळ्यांची तपासणी इस्पितळात आहेच गुरुवारी, तेवढी देऊन ये, मला परत त्या गल्लीत जायला वेळ नाही. मी म्हटलं, देते. गुरुवारी मी इस्पितळात गेले, तपासणी झाली, मागच्या गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभीही राहिले. मग परत आले. तू दोनदा विचारलंस, दोन्ही वेळा मी "देते गं, देते" म्हटलं. वायर अजून माझ्या खणात आहे. मी काही ती देणार नाही. हवी तर येऊन घेऊन जा, आणि तूच नेऊन दे.