घरात कोण होतं?

मंडळी, आज दुपारपासून एका ईमेलपुढं नुसता बसून राहिलोय.

मी लातूरला क्लासमध्ये वीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. 'भूकंप' हा माझ्या नोट्समधला सगळ्यात चालणारा निबंध. पोरं तोंडपाठ करतात, मार्क पडतात.

जपानमधल्या एक बाई दगडी घरांचा अभ्यास करतात. आमचं गाव भूकंपात गेलं, हे त्यांना एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. तुमच्या घराचं काय झालं ते साध्या इंग्रजीत लिहाल का, असं त्यांनी विचारलं. मी दोन पानं पाठवली. निसर्गाचा प्रकोप, काळाचा घाला, सगळे भारी इंग्रजी शब्द घालून.

आज त्यांचं उत्तर आलं. "सर, मी तीनदा वाचलं, पण मला समजलं नाही. घरात कोण होतं?"

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "बरोबरच विचारलंय की बाईनं. आई होत्या म्हणून लिहा. वरचं मातीचं माळवद अंगावर पडलं म्हणून लिहा. त्यात काय अवघड हाय?"

पाचवीच्या पोराला येतील असे शब्द. चारदा लिहिले, चारदा पुसले. नोट्समधली वाक्यं मात्र आपोआप उमटतात.

उद्या सकाळच्या बॅचला हाच निबंध आहे. परीक्षेत तोच चालतो. दुसरं काय शिकवू, तुम्हीच सांगा.

आणि इंग्रजीचं सोडा. बायकोलासुद्धा आईचं माझ्या थोरल्या भावानं सांगितलं होतं. मी अजून मराठीतही कुणाला सांगितलेलं नाही.