महाराजांच्या हाताची थरथर

आमच्या थिएटरात त्यांना सगळे महाराज म्हणायचे. तीस वर्षं राजेच केले त्यांनी, आणि रंगपटातही सिंहासनावर बसल्यासारखेच बसायचे. चहा गार असला की कपाळाला आठ्या, बटण तुटलं की माझा उद्धार. मी कपडेपट सांभाळते. माणूस गर्विष्ठ होता, चिडका होता, आणि मला फार आवडायचा.

त्यांचा उजवा हात कापतो हे तिघांनाच ठाऊक होतं: त्यांना, काकूंना म्हणजे त्यांच्या बायकोला, आणि मला, कारण चार वर्षं त्यांची बटणं मीच लावत होते. प्रयोगाआधी तासभर गोळी घेतली की हात दोनेक तास मुकाट बसायचा. तेवढ्यात राजा जिंकायचा किंवा मरायचा, पडदा पडायचा.

"हे कळलं तर मला घरी बसवतील," ते म्हणायचे. "आणि घरी मी आठवडाभरसुद्धा जगणार नाही."

मग नवं नाटक आलं. हद्दपार झालेला राजा आणि त्याच्या तळहातावर राज्यातली शेवटची ज्योत. ज्योत उजेडाची, प्रोजेक्टरमधून पडणारी. मनगटाच्या पट्टीत मी मण्याएवढे दिवे शिवले होते. ते आपल्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्यांना दिसतात; हात जाईल तिथे यंत्र ज्योत नेऊन ठेवतं. यंत्र चालवणारा दाढीवाला म्हणायचा, काका, केसभर हललात तरी ती तुमच्या मागे येईल.

तालमी दिवसभर चालायच्या, गोळी कुठवर पुरणार. पहिल्याच दुपारी महाराजांनी हात पुढे केला आणि ज्योत थरथरायला लागली. दाढीवाल्याने दोन दिवस कॅमेरे उतरवले, चढवले, वायरी बदलल्या. मग खापर माझ्यावर फुटलं, की दिवे सैल शिवलेत. मी मूग गिळून तीनदा उसवले, तीनदा शिवले. महाराज खुर्चीत बसून सगळं पाहत होते. एक शब्द काढला नाही त्यांनी तोंडातून. तो राग माझा अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी दाढीवाल्याने पट्टी सोडवून स्टुलाला बांधली. ज्योत स्थिर. बदली नटाच्या हाताला बांधली, तरी स्थिर. पुन्हा महाराजांच्या हाताला बांधली, आणि यंत्र धडधाकट आहे हे सगळ्यांना एकदमच कळलं. बदली नट खाली बघायला लागला.

दिग्दर्शक उठून रंगमंचापाशी आला. त्याने हाताकडे पाहिलंच नाही, ज्योतीकडे पाहत राहिला.

"हे ठेवायचं," तो म्हणाला.

"काय ठेवायचं?" महाराजांनी विचारलं.

"ही थरथर. काका, असा अभिनय तुम्ही जन्मात केला नसता."

मला वाटलं, महाराज थोबाडीत देतील. ते हसले.

आता गोळीही कुणापासून लपलेली नव्हती. पहिल्या प्रयोगाला ते सवयीने ती घेऊन आले. ज्योत खिळा ठोकल्यासारखी उभी. मध्यंतरात दिग्दर्शक रंगपटात आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "गोळी घेतलीत ना? प्रयोगाच्या दिवशी घेत जाऊ नका."

एक दिवस घ्यायची, एक दिवस सोडायची, असं त्यांनी करून पाहिलं, मग साफच बंद केली. काकू माझ्याकडे आल्या. "यांना समजाव गं. गोळी नसली की पायसुद्धा उचलत नाही त्यांचा." मी बोलले. "तुझं काम शिवायचं, तू शिवत बस," असं उत्तर मिळालं. लोक रडत होते, वर्तमानपत्रांनी नाटक डोक्यावर घेतलं होतं, आणि घरी काकू महाराजांना चमच्याने भरवत होत्या. तरी थिएटरात ते ताठ मानेने यायचे. ज्याच्यासाठी हाकलतील म्हणून चार वर्षं जीव मुठीत धरला, त्याच्याचसाठी आता ठेवून घेतलं होतं.

त्रेचाळिसाव्या प्रयोगात पायऱ्या उतरताना त्यांचा पाय जागच्या जागी खिळला आणि ते आडवे झाले. खुबा मोडला. लोकांना तो नाटकातलाच प्रसंग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या संध्याकाळी बदली नट महाराजांचा पोशाख घालून माझ्यापुढे उभा राहिला.

"याचा हात कुठे कापतो?" मी दाढीवाल्याला विचारलं.

"कापायला कशाला हवा? काकांचा प्रत्येक प्रयोग यंत्रात साठवलाय. हात याचा, थरथर त्यांची."

आणि तसंच झालं. अंधारात ज्योत कापली की हातही कापतोय असं वाटतं. पट्टी मीच बांधली. नाही म्हणाले नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी दवाखान्यात गेले. तिथेही त्यांनी गोळीला हात लावला नव्हता; महिन्याभरात परत उभं राहायचं, असं नर्सला बजावत होते.

"काल थिएटर बंद ठेवलं असेल," ते मला म्हणाले.

काकूंनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. मला गप्प बसता आलं असतं.

"नाही. प्रयोग झाला. बदलीवाल्याने केला."

"ज्योत?"

"हलली. तुमचीच होती, यंत्रात ठेवलेली."

"कुणाच्या लक्षात आलं?"

"कुणाच्याच नाही."

"टाळ्या?"

"रोजच्याएवढ्याच."

ते काकूंना म्हणाले, "गोळी दे."

काकूंनी ती जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. तासाभराने उजवा हात चादरीवर शांत पडला होता आणि महाराजांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळत होतं. पुसण्याइतका हात आता चालत होता. तो त्यांनी उचलला नाही.