नाडी लोंबू देऊ नका!

नाशिकला समुद्र नाही. माझ्या मते ते योग्यच आहे.

पण माझी बायको सुनंदा शाळेत विज्ञान शिकवते. तिनं वर्षानुवर्षं फळ्यावर समुद्री कासव काढलं, खडूनं त्याला कवच दिलं, वल्ह्यांसारखे पाय दिले. प्रत्यक्षात मात्र एकदाही पाहिलं नाही. पन्नाशीच्या वाढदिवसाला काय हवं, म्हणून विचारलं. मला वाटलं, पैठणी म्हणेल. आपण येवल्याला जाऊ, दुपारपर्यंत घरी!

"मला खाली जाऊन कासव बघायचंय," ती म्हणाली.

"खाली म्हणजे?"

"समुद्राच्या."

"त्यात काय!" मी म्हणालो. (लहानपणी मी रामकुंडात उड्या मारायचो. त्या भांडवलावर माणूस किती वर्षं काढू शकतो, याचं मी चालतंबोलतं उदाहरण आहे.)

अशा रीतीनं आम्ही मालवणात पोहोचलो. आमचा गुरू बाबल, वयानं माझ्या निम्मा, पण पाण्याखाली माझा बाप! दोन दिवस त्यानं उथळ पाण्यात शिकवलं. तिसऱ्या दिवशी होडीत बसवून पाठीवर हवेची टाकी चढवली. टाकीतून चहूकडे नळ्या निघालेल्या. एक तोंडात. दुसरी जादा, म्हणजे जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची. तिसऱ्या नळीच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी.

"काका, ह्या घड्याळ म्हणजे तुमची नाडी," बाबल म्हणाला. "टाकीत हवा किती उरली, ता ह्याच सांगतला. नाडी लोंबूक देव नकात. खडकात अडाकली तर तुमी थयच! आणि जोडीन खाली, जोडीन वर. एकाक वर येवचा लागला, तर दुसऱ्यानंय येवचा."

सुनंदानं आपल्या नळ्या जाकिटाच्या हुकांत पटापट अडकवल्या. जन्मभर पदर खोचलेली बाई ती! माझा हुक मात्र माझ्याच हातात तुटून आला. बाबलला सांगायचं? रामकुंडवाल्या माणसानं?

इतक्यात बाबल ओरडला, "काका, नाडी!"

आता खरं सांगा, 'नाडी लोंबतेय' हे ऐकल्यावर मराठी पुरुषाला दुसरं काय आठवणार? पिशवीत माझा पायजमा होता. मी त्याची नाडी ओढून काढली. पाठ फिरवली. तबकडी आणि जादा नळी, दोन्ही एकत्र करून डाव्या कमरेला मागच्या बाजूस करकचून बांधली. एकही दोर लोंबत नव्हता. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

आणि आम्ही उतरलो.

काय सांगू! वरचा गोंगाट कुणी दार लावून घ्यावं तसा बंद झाला. हिरवा उजेड तिरका उतरत होता. पिवळे पट्टेवाले मासे शाळा सुटल्यासारखे अंगावरून गेले. खडकांवर अशा रंगांची झुडपं, की आमच्या मेन रोडवरच्या सगळ्या साड्यांच्या दुकानांनी दारं बंद करून घ्यावीत! माझ्या श्वासाचे बुडबुडे वर जात होते आणि मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. (उघडं ठेवायचं नसतं. खारट लागलं.)

तेवढ्यात बाबलनं खुणेनं विचारलं, 'हवा किती?'

मी तबकडीकडे हात नेला. पोचेना. मान वळवली, दिसेना. मी वळलो की तबकडीही वळे! शेपटी पकडणाऱ्या कुत्र्यासारख्या मी चार गिरक्या घेतल्या. गाठ ओढली. मी मारली होती सुरगाठ; सुताची नाडी भिजली आणि तिची निरगाठ झाली.

नेमकं त्याच क्षणी सुनंदाचं बोट वर झालं. खडकामागून कासव निघालं होतं!

आणि बाबलनं अंगठा वर केला. पाण्याखाली याचा अर्थ 'शाबास' नव्हे. 'वर चला.' हवा किती ते कळत नाही, जादा नळीही जखडलेली, मग दुसरं काय? आणि मी वर, म्हणजे सुनंदाही वर. इतक्या वर्षांचं कासव हाताच्या अंतरावर सोडून!

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. गृहपाठ न आणणाऱ्या पोरांकडे ती असंच बघत असणार. तिनं बाबलला हाताच्या खुणेनं 'थांब' म्हटलं, मला खांद्याला धरून सरळ उताणा केला आणि पोटावर गुडघा रोवला. घरी अशी गाठ ती दातांनी सोडवते. इथं दातांत नळी! तिनं टोपीखालून केसांचा आकडा उपसला, माझ्या कमरेखालून हात घातला आणि तो गाठीत खुपसला. एक हिसका, दोन हिसके, आणि तबकडी माझ्या नाकासमोर तरंगली. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली! बाबलनं तिच्याकडे पाहून चक्क हात जोडले आणि माझ्या नळ्या पट्ट्याखाली कोंबल्या.

कासव गेलं नव्हतं. ते आमचा संसार बघत थांबलं होतं.

सुनंदा त्याच्यासमोर स्थिर झाली. हात पुढे केला, पण लावला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग कासवानं पाय हलवले आणि ते उजेडाकडे चढत गेलं, श्वास घ्यायला. ना टाकी, ना तबकडी! मला उगाचच हुंदका आला. (हुंदका आणि ती नळी एका तोंडात मावत नाहीत.)

होडीत बाबलनं मला धुतला. "काका, हुक मोडलो तर माका सांगूचा! पायजम्याची नाडी कोण बांधता?"

सुनंदानं आकडा परत केसांत खोचला. मग म्हणाली, "अहो, मी त्याचे डोळे नेहमी फार लहान काढते."

मी अपराधी होतो, पण त्या क्षणी मला वाटलं, सगळं माफ झालं.

बाबलनं खाली चित्रीकरण केलं होतं. ते सुनंदानं संध्याकाळी घरच्या ग्रुपवर टाकलं. मालेगावहून तिच्या भावाचा लगेच निरोप आला, त्याच्या अहिराणी वळणात ('शे' म्हणजे 'आहे'): "ताई, लय भारी! पहिलं कासव तर झकासच. पण ते दुसरं, उताणं पडेल, हातपाय झाडणारं मोठं कासव... जित्तं शे का?"

सुनंदानं उत्तर टाकलं: "जित्तं शे. घरी आणतेय."