टोरंटो ते मुंबई, पंधरा तास

काल बाबा गेले. माझा दादा टोरंटोला असतो. फोनवर बघितलं, मुंबईपर्यंत विमानाला पंधरा तास. मीच सगळ्यांना सांगून बसले, "थांबूया, दादा येतोय."

ते नुसते उडायचे तास होते! वाटेत विमान बदलायचं होतं, ते पुढचं चुकलं आणि दादा दोह्याला अडकला.

आमच्या वरसे गावात मयत उचलेपर्यंत आळीत चूल पेटवत नाहीत. आज सकाळी शेजारची पोरं भुकेनं रडायला लागली. बाबांच्या उशाशी बसलेली आई म्हणाली, "पोरांना किती उपाशी ठेवायचं गो? उचला यांना. अग्नी तू दे."

दादाचा फोन लागेना. मी अग्नी दिला.

आत्ता त्याचा मेसेज आलाय, "विमान मिळालं. बाबांना नेऊ नका, निघालोच."

त्याला काय लिहू? सांगा कुणीतरी.