खडकावरची कालवं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवीसमोरही नाही — तिच्यासमोर तर मुळीच नाही, कारण खोटी शपथ तिचीच घेतली होती.

आमचा कोळीवाडा मालाडच्या बाजूचा. गिरण्यांचा संप लांबला होता तेव्हाची गोष्ट. वस्त्यांचं मैलापाणी आधी खाडीत सोडायचे, ते पाइप टाकून समुद्रात नेलं. खाडीचा वास गेला म्हणून आम्ही दर्याला नारळ वाहिला. हसू येतं ना? त्या पाइपाचं तोंड आमच्याच खडकांजवळ होतं. ओहोटीला आम्ही बायका तिथेच कालवं खरवडायचो.

आणि कालवं काय माजली! इतकी टपोरी कधी बघितली नव्हती. मग एक शिंपला फोडला आणि मोरीचा वास आला. त्या दिवसापासून सासूने कालवं बंद केली — घरात. बाजारात नाही. मासळी लांब गेली होती, होड्या रिकाम्या यायच्या, टोपलीत घालणार काय? हळद चोळायची, बर्फ टाकायचा, वास दबतो. सगळ्याच बायका करायच्या. पण सगळ्यांचं कशाला सांगू? माझं सांगते.

सुनंदा माझं नेहमीचं गिऱ्हाईक. चाळीत राहायची, मालवणकडची, नवरा संपामुळे घरी बसलेला. सहावा महिना चालू होता आणि डोहाळे कालवांचे. टोपलीवर वाकून तिने विचारलं, "मावशी, तुमच्या घरी पण आज हीच ना?" जुनी गिऱ्हाइकं असंच विचारायची. कोळीण घरी शिजवते तेच विकते, हा त्यांचा भरवसा.

"हीच गो बाय. एकवीरेची शपथ."

एकवीरेचं नाव घेतल्यावर कोण पुढे विचारणार? वर मूठभर जास्त घातली मी. लाज कशी वाटली नाही?

महिन्याभराने तिला कावीळ झाली. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. कालवांमुळेच? डॉक्टर म्हणे खाण्यापिण्यातून होतं. मला काय कळतंय — नाही, असं म्हणून मी सुटायची नाही. मला कळलं होतं.

एवढंच असतं तर आजवर कुणाला तरी सांगितलं असतं. पण तिची सासू बाजारात आली. माझ्यावर संशय घ्यायला नाही — रडायला. "असं काय खाल्लं गो पोरीने?" म्हणाली. आता ही कालवांचं नाव काढणार, चार बायकांत माझी वाट लागणार. मी पटकन म्हटलं, नाक्यावर चोरून पाणीपुरी खायची ती, मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हातारीने ते धरलं. मरेपर्यंत धरलं. येईल त्याला सांगायची — सून जिभेपायी गेली, माझा नातूही घेऊन गेली. सुनंदाच्या नवऱ्यानेही तिचा फोटो भिंतीवर लावला नाही. माझ्याकडून मात्र दोघं मासळी घेत राहिली, आणि मी देत राहिले.

सुनंदाला मी नाक्यावर कधीच बघितलं नव्हतं.