म्हणे, आमचं खळं रिकामं!

मित्रांनो, आज पालिकेने आमच्या कोळीवाड्याचं अपील फेटाळलं. बोंबील सुकवायच्या आमच्या खळ्यावर आता टॉवर उभा राहणार.

कारण काय, तर पाहणीत जागा रिकामी दिसली! अहो, पाहणी केली आषाढात. तेव्हा मासेमारी बंद असते, सुकवणीचे बांबू आम्ही घरात नेऊन ठेवतो. साहेबांना हे माहीत नसेल, समजू शकतो.

पण साहेब म्हणाले, "पाहणी तेव्हाच करा, असं तुमच्याच अध्यक्षांनी सांगितलं होतं."

कोळीवाड्याच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणजे नंदूदादा, माझा सख्खा चुलत भाऊ. बिल्डरशी भांडता येतं यार, पण याच्याशी कसं भांडायचं, तुम्हीच सांगा.

बाहेर आल्यावर आईने त्याला एवढंच विचारलं, "नंदू, यंदा बांबू उचलायला तूच आलेलास ना रे?"